वॉरंटीत न बसलेली अक्षता

आयर्लंडमधल्या किलकेनीत वासंतीबाईंना आपले सगळे लोक 'अंबरीशची आई' म्हणतात. मुलगा कॉम्प्युटरवर, सून हॉस्पिटलात आणि बाई घरात, अशी आठ वर्षं गेली. त्याआधी त्या नागपूरला शाळेत पीटी शिकवत, एनसीसीच्या मुलींकडून नेमबाजी करून घेत. तो हात आठवून बासष्टाव्या वर्षी त्यांनी इथल्या क्लबात नाव घातलं, परवाना काढला आणि हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला नवीकोरी दुनळी घेतली. वॉरंटी दोन वर्षांची. यंदा चार जणांच्या संघात त्यांची निवड झाली. तिथे त्या कुणाची आई नव्हत्या, नुसत्या वासंती होत्या. सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी. जो येणार नाही, त्याची जागा कायमची दुसऱ्याला.

खंडेनवमीला बाईंनी शस्त्रपूजा मांडली. रिकामी बंदूक मधून उघडून पाटावर ठेवली, मागे दुर्गेची तसबीर. हळदकुंकू झालं, झेंडू झाला. अक्षता वाहायचा मान शेजारी राहणाऱ्या मला, राजाभाऊला. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाच्या हाती मूठभर अक्षता देऊ नयेत. मी दोन पावलं मागे सरलो आणि शेवटच्या रांगेलाही दिसतील अशा उधळल्या.

दुसऱ्या दिवशी सरावात चाप हलेना.

दुकानदार डेक्लन म्हणाला, "ग्रँड! वॉरंटीत आहे. इटलीला पाठवू, सहा आठवडे. फक्त नियम बदललेत, हा नवा फॉर्म भरा."

"आणि रविवार?" बाईंनी विचारलं.

"रविवार वॉरंटीत येत नाही."

"मग इथेच उघडा की!"

"मी एक स्क्रू फिरवला की वॉरंटी संपली."

कुणाची तरी बंदूक मागून घ्या, असं मी सुचवलं. बाई कडाडल्या, "राजाभाऊ, उसनी पैठणी नेसून मिरवायचं का मी?"

फॉर्मवर प्रश्न होता : बिघाडाआधीच्या चोवीस तासांत बंदुकीपाशी कोण कोण होतं? बाईंना खोटं लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलं : मी, राजाभाऊ आणि दुर्गा.

शुक्रवारी गार्डा नोलन दारात उभा. गार्डा म्हणजे इथला पोलीस. टोपी काखेत धरून म्हणाला, "नव्या नियमाने प्रत्येकाची चौकशी करावी लागते. ह्या दुर्गा कुठे असतात?"

बाईंनी तसबीर दाखवली. त्याने बोटाने मोजलं.

"हात आठ, आठांत शस्त्रं. आणि परवाना एकही नाही?"

"त्या तुमच्या कायद्याच्या आधीपासून आहेत."

"राहतात कुठे?"

"सगळीकडे."

"बाई, फॉर्मवर पत्त्याला एकच ओळ आहे हो." तो बिचारा खरंच अडचणीत आला होता. "असं करा, ते नाव खोडा. मीही सुटतो, तुम्हीही सुटता."

"दसऱ्याच्या दिवसांत देवीला खोडू?"

"नाहीतर हा फॉर्म पुढे जाणार नाही. आणि फॉर्म नाही तर वॉरंटी नाही."

बाईंनी तसबिरीवरचा झेंडू सरळ केला. मग म्हणाल्या, "ठेवा तुमची वॉरंटी."

शनिवारी सकाळी त्यांनी डेक्लनला वॉरंटी सोडल्याचं लिहून दिलं. त्याने जड मनाने पहिला स्क्रू फिरवला. दोन मिनिटांत चापाच्या खाचेतून तांदळाचा एक लाल दाणा टपकला. डेक्लनने तो चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि सुट्या भागांचा कॅटलॉग काढून पानं उलटू लागला. "हा पार्ट यात नाही," तो म्हणाला. मी छताकडे बघत होतो.

रविवारी पाऊस तिरका होता. पंचवीसपैकी एकोणीस तबकड्या बाईंनी फोडल्या. प्रत्येक तबकडीला मैदान ओरडत होतं, "वासंती! वासंती!" चाळीस वर्षांत माझ्या नावाने असं कुणी ओरडलं नाही, आणि त्या दिवशी त्याचं काही वाटलंही नाही.

नंतर बाईंनी सगळ्यांना आपट्याऐवजी बर्चची पानं वाटली. सामना बघायला आलेल्या नोलनने विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "सोनं." त्याने पान निरखून खिशात ठेवलं. "याची नोंद करावी लागेल का?"

तेवढ्यात आईला न्यायला अंबरीश आला. फाटकावरचा म्हातारा त्याला आडवा आला. "सभासद आहेस?"

"नाही."

म्हाताऱ्याने त्याचं नाक न्याहाळलं. "अरे, तू तर वासंतीचा मुलगा! जा, जा आत."