सरकी काढलेला कापूस

आमचे हे खामगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखतात. ढिगात हात घालून मूठभर उचलला, की ओल किती, धागा केवढा, सगळं सांगून मोकळे. पण छातीतली गाठ मी यांना दाखवली तेव्हा तोंडातून चकार शब्द निघाला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं, तर हे त्यांनाच विचारतात, "चहा सांगू का साहेब, तुमच्यासाठी?"

ऑपरेशन झालं, एक बाजू गेली. मग केमो, मग केसही गेले. आमच्या वडनेर गावच्या बाया भेटायला येत, बिस्किटाचा पुडा हातात ठेवत आणि माझ्याच खांद्यावर रडत. समजूत मी घालायची, वर चहाही मीच ठेवायचा! शेवटी एकीला म्हटलं, "बाई, मी मेली की रडजो. आता कप तेवढे विसळून दे." त्यानंतर गर्दी जरा ओसरली.

मला रडू यायचं ते एकाच गोष्टीचं. हे गोळ्या वेळेवर देत, डोक्याला तेल लावून देत. पण जाऊबाई पट्टी बदलायला बसल्या की उठून अंगणात. टाके वाळले, केस बोटभर परत आले, तरी यांनी त्या बाजूला पाहिलं नाही. या माणसाला आता आपली किळस येते, असं मी धरूनच बसले. कॅन्सरनं घाबरले नव्हते एवढी त्यानं घाबरले. विचारायची हिंमत होईना, हो म्हणाले असते तर?

अशात भाचीचं लग्न निघालं. मी म्हटलं, "मी नाही येत. ब्लाऊज एकीकडून लोंबते."  दुसऱ्या दिवशी हे जिनिंगमधून सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस घेऊन आले. "एक नंबर माल आहे," म्हणाले आणि गेले अंगणात. जाऊबाईंनी गोल पिशवी शिवून दिली. आरशात बरी दिसले, खोटं कशाला बोलू?

लग्नात बुद्धवंदना झाली. नवरा-नवरीवर फुलं टाकायला मी हात वर केला आणि तो एक नंबर माल सरकत सरकत थेट गळ्यापाशी! शेजारची म्हातारी म्हणते, "काऊन वो बाई, गळ्याले काय झालं?"

"गलगंड," म्हटलं आणि पदर ओढून मंडपामागे पळाले. मागून हे आले. "बराबर बसला नाही का?"

माझं डोकंच फिरलं. "तुमाले काय करायचं? तुमाले तं माही किळस येते न!"

 "किळस? अवं, पहिल्या पट्टीच्या दिवशी मी पाह्यलं, तं तू तोंड फिरवलं. मले वाटलं, मी पाह्यलेलं तुले नाही चालत." मग खाली बघून म्हणाले, "चूक माहीच झाली. वजन तं सरकीत राहते."

घरी आल्यावर सरकीसकट कापूस घेऊन हे बसले. पिशवीत थोडा टाकायचा, हातावर तोलायचा. शेवटी चाचरत म्हणाले, "दुसऱ्या बाजूचा अंदाज घ्या लागीन." पंचवीस वर्षांचा संसार, आणि माणूस कानापर्यंत लाल! मी दाराची कडी घातली आणि हूक काढले. यांनी अंदाज घेतला. मग चष्मा पुसून व्रणाकडे पाहिलं, घट्टे पडलेलं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. 

"टाके साजरे हायेत," म्हणाले. "आपल्या गादीवाल्यापेक्षा बारीक."

मी हसले, आणि हसता हसता अशी रडले की जाऊबाई बाहेरून दार बडवायला लागल्या.

ती पिशवी मी अजून वापरते. घामानं भिजली की हेच उन्हात घालतात, ओल राहिली तर सरकी उगवेल म्हणतात. आणि सकाळी माझ्या हातात द्यायच्या आधी एकदा तोलून पाहतात.