सुईचं रिकामं घर

कल्पना करा, दोन्ही हातांत जाड हातमोजे आहेत आणि तुम्हाला सुईत दोरा ओवायचा आहे. दोऱ्याचं टोक पिंजारतं, नेढं हुकतं, खांदा भरून येतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचं रोज असंच होतं. त्याच्या हातात मोजे नसतात, इतकंच. बोटंच अजून तयार झालेली नसतात.

शिवणमावशी नव्या पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगायच्या. कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता त्या शिशुवर्गात मदतनीस आहेत. तिथं त्यांचा क्रम ठरलेला: आधी मोठे मणी ओवायचे, मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यातून नाडी, आणि शेवटी विरळ विणीच्या कापडावर बोथट सुईनं धावदोरा. एका आईनं टोमणा मारला होता, आम्हाला मुलीला शिंपीण करायचं नाहीये. मावशी म्हणाल्या, "नका करू. पण स्वतःचं बटण तरी तिला लावता येऊ दे."

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, परवानगी देताना एकच अट घातली होती: एक जरी सुई हरवली, तर शिवण बंद.

त्या दुपारी शाळा सुटायच्या आधी मावशींनी सुयांची पेटी उघडली. आतल्या जाड पट्टीवर प्रत्येक सुईला आखून दिलेलं घर. एक घर रिकामं होतं.

 बाहेर मुलांच्या आया जमू लागल्या होत्या. मावशींनी दार लावून घेतलं, मुलांना मांडीवर हात ठेवून बसवलं आणि जमिनीवरून लोहचुंबक फिरवला. एक जुना खिळा चिकटला. खिसे, बाह्या, बूट तपासून झाले. शेवटी एकेकाला तोंड उघडायला लावलं. तेवढ्यात मोठ्या बाई आत आल्या. काय झालंय ते ऐकून त्या ओरडल्या नाहीत, हे जास्तच वाईट होतं. हळूच म्हणाल्या, "कुणी गिळली असेल तर?"

 आतापर्यंत मावशी 'सुई कुणी घेतली?' असं विचारत होत्या आणि सगळ्या माना नकारार्थी हलत होत्या. आता त्या खाली बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या, "तुझी सुई तू कुठे ठेवलीस?"

टोमणेवाल्या आईची मुलगी उठली. झोपायच्या कोपऱ्यात गेली आणि तिनं एका उशीवर हात ठेवला. सुई नेढ्यापर्यंत आत खोचलेली होती.

नियम मावशींचाच होता: सुई जमिनीवर ठेवायची नाही, मऊ कापडात खोचायची. पण त्या दिवशी घाईत त्यांनी कापडं आधी गोळा केली आणि सुया नंतर. मुलीनं खोलीतली सगळ्यात मऊ जागा शोधली होती. खोचण्याआधी उशीच्या कडेला चार टाकेही घातले होते, वाकडे, पण सुटेसुटे. आदल्या आठवड्यापर्यंत हीच मुलगी खडू मुठीत धरत होती.

मोठ्या बाईंनी उशी उचलली. "उद्या इथं कुणीतरी गाल टेकला असता," एवढंच म्हणून त्यांनी सुयांची पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

मावशींनी दार उघडलं, मुलं आयांच्या हाती दिली. पेटी अजून कपाटातच आहे. आता मणी ओवता ओवता त्या भेटेल त्याला एकच विचारतात: "पोरानं नियम मोडला तर काय करायचं, ते मला ठाऊक आहे. इतका मनापासून पाळला तर काय करायचं?"