रौशन आणि खालची मोकळी पट्टी

रौशन सासूच्या जिवावर उठली आहे, अशी कुजबुज गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात सुरू झाली. विषानं नव्हे, सुरीनं नव्हे. दोऱ्यानं म्हणे.

सासूच्या, म्हणजे कुल्पाश आपाच्या पलंगामागे भिंतीवर तिचा तुसकीझ असतो, भरतकामाचा पडदा. लाल मखमल, आणि तिच्यावर मेंढ्याच्या शिंगांची वळणं, आपानं लग्नाआधी आकडीच्या सुईनं भरलेली. खालची वीतभर पट्टी मात्र कोरी. आमच्या सगळ्याच बायका ती कोरी सोडतात. काम पुरं झालं की भरणारीचं आयुष्यही पुरं होतं, असं आम्ही मानतो. त्यामुळे सून तो तुसकीझ गुंडाळून गोठ्यात नेते, सोबत दोऱ्याची रिळं नेते आणि दार लावून घेते, हे शेजारच्या दामेशनं पाहिलं तेव्हा पुढचं तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिला ते कधीच लागत नाही.

रौशन शहरातली, अल्माटीत चित्रकला शिकलेली. आपाच्या मुलाच्या, आमच्या एर्मुरातच्या ट्रकमध्ये बसून आली ती इथलीच झाली. पहिल्या वर्षी तिनं तळलेली बाउरसाकं, म्हणजे कणकेचे गोळे, आमच्या कुत्र्यानंही हुंगून सोडली होती. चित्रं काढायची, पण ती बघायला इथं कोण? मग अल्माटीच्या एका गॅलरीनं वसंतात तिचं एक काम लावायचं कबूल केलं. लग्नानंतरचं हे पहिलंच बोलावणं. ते हुकलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, असं ती एर्मुरातला म्हणाली होती.

तिला ट्रकच्या जुन्या ताडपत्रीवर शिंगांची नक्षी हवी होती. रंगानं करून पाहिली, तर टायरच्या जाहिरातीसारखी दिसली. म्हणून तिनं सासूकडून आकडीचा टाका शिकून घेतला आणि नक्षी बघायला तुसकीझ मागितला. आपानं दिला. शिकवताना जीभही भरपूर चालवली. तुझ्यापेक्षा बकरी बरी भरेल, असं रोज एकदा तरी व्हायचं.

काम अल्माटीला निघायच्या आदल्या दिवशी दामेश मला घेऊन आपाकडे चहाला आली आणि दुसऱ्या वाटीबरोबर पट्टीची गोष्ट तिच्या कानात ओतून मोकळी झाली. आपानं वाटी खाली ठेवली, काठी घेतली आणि गोठ्याकडे निघाली. आम्ही दोघी मागोमाग. आधाराला, अर्थात.

रौशननं दार उघडलं. आपा काही विचारत बसली नाही.

"माझा तुसकीझ उलगड."

उलगडला. पट्टी कोरी होती. दामेश छपराकडे बघू लागली.

मग आपाची नजर ताडपत्रीवर गेली. हाताएवढी जाड शिंगं, निळी आणि नारिंगी, ठिगळांवरून आणि ट्रकच्या पुसट नंबरावरून वळत गेलेली. आपा बराच वेळ बघत राहिली. एका वळणावरून तिनं बोटही फिरवलं. आणि बोट खालच्या काठाशी येऊन थांबलं.

"हे काय?"

"किनार आहे, आपा. आज सकाळीच पुरी झाली."

"पुरी केलीस? माझ्या आधी जायची एवढी घाई? मग माझा चहा कोण करणार, ही दामेश?"

"पण आपा, ही तर ताडपत्री आहे."

"मरणाला कापडातला फरक कळतो, असं कोण म्हणालं तुला?"

आणि म्हातारी शेणाच्या जमिनीवर बसलीच. आकडीचा टाका शेवटाकडून ओढला की सरसर उसवतो. तिनं टोक शोधलं आणि रौशनच्या हातात दिलं.

रौशनचे डोळे भरले. "उद्या गाडी निघणार. गॅलरीवाले म्हणतील, अर्धवट पाठवलं. लावणारच नाहीत."

"म्हणू देत. तू आहेस ना अजून? मग अर्धवटच असणार."

रौशननं ओढलं. वीतभर किनार तिच्या मांडीवर दोऱ्याचा ढीग होऊन पडली.

गॅलरीतल्या माणसाचा फोन आलाच, उरलेलं कधी पाठवता म्हणून. रौशननं त्याला सांगितलं, की तिला अजून जगायचं आहे. तो हसला. ताडपत्री दारासमोरच लागली, आणि शरदासाठी त्यांनी आणखी एक मागितली आहे. तिचे रंग आपाच निवडते. नारिंगी नको म्हणते आणि नारिंगीच काढून देते. सुनेच्या हातात कला आहे हे आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतो, असं दामेश हल्ली सांगत फिरते.

रौशननं सासूच्या पट्टीत एक टाकाही घातला नव्हता. ताडपत्री घरात मावत नव्हती, म्हणून ती गोठ्यात बसायची. दार लावायची ते थंडीमुळे.