हळदीकुंकू न लागलेली प्रत

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी सांगितलंत की आता कळ दाबली की शास्त्रज्ञाने किती लेख लिहिले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे आकड्यात दिसतं. मी हो म्हटलं, पण मला ते पटलं की नाही हे मलाच कळलं नाही. या मोजदादीने माझा गोंधळ पूर्वीही एकदा उडाला आहे. तो क्रमाने लिहिते.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं आणि मी नुकतीच कॉलेजातली इंटरची परीक्षा पास झाले होते. माझा थोरला भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, नागपूरच्या एका कॉलेजात तात्पुरत्या नोकरीवर पदार्थविज्ञान शिकवत होता. सेलेनियमच्या पातळ थरातून वीज कशी जाते, हे तो मोजायचा. त्यातून वीज धड जात नाही आणि धड अडतही नाही, एवढंच मला समजलं होतं. त्याचे तीन लेख छापून आले होते. निवड समितीने त्याला विचारलं, "लेख ठीक आहेत, पण बाहेर कोणी त्यांची दखल घेतली आहे का?" पुढच्या उन्हाळ्याच्या आत तसा एक तरी उल्लेख दाखवायचा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

तिसऱ्या लेखाच्या सुट्या छापील प्रती पोस्टाने वाशीमला आमच्या घरी आल्या, कारण दादाने सुट्टीतला पत्ता दिला होता. पंचवीस होत्या. दादा यायला चार दिवस अवकाश होता. बाबांनी गठ्ठा सोडला, त्याचं इंग्रजीत छापलेलं नाव माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "पंचवीस कायले पाठवल्या असतीन? वाटाले!"

मलाही ते बरोबर वाटलं. आमच्या घरी एकसारखे छापील कागद गठ्ठ्याने येत ते फक्त लग्नपत्रिकांचे. आईने प्रतींच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. मी सुवाच्य अक्षरात 'सप्रेम भेट' आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलं, वहीत यादी केली. मेडशी, इंझोरी या गावांकडे जाणाऱ्या गाड्यांबरोबरही प्रती गेल्या.

दादा आला तो विचारतच. "माह्या प्रती कुठी हायत?"

"वाटल्या! एक नाही उरू देली," बाबा म्हणाले.

दादा ओट्यावरच बसला. त्याच्या खिशात नागपूरच्या पत्त्यावर आलेलं विलायतेचं एक कार्ड होतं. तिथल्या एका प्राध्यापकाने याच लेखाची प्रत मागितली होती. "हा माणूस वाचीन, तं लिहीन. लिहीन, तं माही नोकरी राहीन."

"अन् आपले लोक काय अडाणी हायत?"

"तुमी वाचली काय, बाबा?"

"वाचली नाही. कपायाले लावली."

प्रत काढायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुठलं! वही घेऊन मीच वसुलीला निघाले. रिठदला आत्याने प्रत देव्हाऱ्यात ठेवली होती. "देवापाशी ठेवलेलं कोणी वापस मांगते काय वं?" मग आलेखाच्या चढत्या-उतरत्या रेघेवर बोट ठेवून तिने हळूच विचारलं, "पोराचा ताप उतरला ना आता?" मी हो म्हणून टाकलं. एका घरी पाढ्याच्या पुस्तकाला प्रतीचं वेष्टन झालं होतं. दोन परत मिळाल्या, पण कुंकू आकड्यांवर पसरलं होतं.

शेवटी यादीतले कापडवाले चाचा आठवले. ते मुसलमान, म्हणून त्यांच्या प्रतीला आईने हळदीकुंकू लावलं नव्हतं. त्यांनी ती मलमलीत गुंडाळून दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवली होती. अगदी कोरी.

"बेटी, देलेली चीज वापस नेऊन राह्यली?"

मी विलायतेचं सांगितलं. ते म्हणाले, "मंग घेऊन जाय. मले कुठं समजून राह्यली होती! पण वरतं माहं नाव हाय, ते खोडू नको."

खोडलं नाही. 'चाचांना सप्रेम भेट' असं मराठीत लिहिलेली ती प्रत विलायतेला गेली.

पुढच्या संक्रांतीला दादा एक परदेशी मासिक घेऊन घरी आला. पानाच्या तळाशी बारीक टायपात त्याचं नाव होतं.

"असं पायापाशी?" बाबा म्हणाले. "वरतं काय लिहिलं, वाच."

मी वाचलं, अर्थ सांगितला. आधीच्या, म्हणजे दादाच्याच, कामातली मोजमापं दमट हवेमुळे विश्वासार्ह वाटत नाहीत, असं होतं.

"म्हंजे चूक काढली?"

"हो," दादा हसत म्हणाला.

"मंग तू हासून काहून राह्यला?"

"बाबा, चूक काढाले बी वाचा लागते. हा पार शेवटच्या पानापर्यंत गेला. अन् नोकरी कायम झाली. समितीनं हेच पान पाहिलं."

बाबा बराच वेळ पेढे आणावेत की नाहीत याचा विचार करत बसले. तुमच्या यंत्रात हा उल्लेख एक म्हणून धरला जाईल, आणि आत्याचा देव्हारा कुठेच नाही. यात कोणाचं चुकतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या पानाजवळ थांबली. "चुकीले बी लावतात काय रे?"

"लाव," दादा म्हणाला. "हे आता कोणाले पाठवाचं नाही."