चौदा बिनचिठ्ठीचे डबे

माझ्या वह्यांत सगळं असतं. किराणा, गॅसचा नंबर कधी लावला ती तारीख, सईच्या परीक्षा, कुणाला फोन करायचा राहिला ते. ही एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही — अकरा वर्षांत कधी नव्हती. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. तुम्हाला लिहून सांगायला बसले आणि एवढ्यात दोनदा उठून आले. एकदा दूध बघायला, एकदा उगाच.

दर शनिवारी आमच्या बजाजनगरच्या कॉलनीत मी लहान मुलांच्या आयांना घरच्या घरी अक्षरं कशी खेळवायची ते दाखवते. ताटात रवा पसरायचा, त्यात बोटानं ‘म’ काढायचा. घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायच्या. तशीच एक चिठ्ठी मुलाच्या हातात द्यायची, आणि तिची जोडीदार कुठं आहे ते त्यानं घरभर धावत शोधायचं. बाया विचारतात, ताई, तुम्हाला हे सुचतं कसं? मी सांगते, कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते, तिथं प्रत्येक खणाला चिठ्ठी असते, त्यावरून सुचलं. ते खरं आहे. पण तेवढंच खरं आहे का?

सई तेव्हा साडेचार वर्षांची होती. सासरे गेले आणि सासूबाई गंगापूरहून आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्यात तशीच रीत आहे. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. माझ्या स्वयंपाकघरात शहागंजातून आणलेले स्टीलचे चौदा डबे, सगळे एका मापाचे. आत्याबाई एकेक डबा कानाशी धरून हलवायच्या आणि आवाजावरून ओळखायच्या — ही साखर, ही तूरडाळ. मग मी सईसाठी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि तिच्यासोबत खेळायला आत्याबाईंना बसवलं. मला वेळ कुठं होता?

सई मास्तरीण, आजी विद्यार्थिनी. आजी चुकली की सई तिचा कान धरायची. “आज्जी, तू ढ आहेस!”

“व्हय माय, लई ढ हाय मी. पर तू सोडू नको मला.”

मला वाटायचं, पोरीला खूश करायला मुद्दाम हरतायत. किती दिवस तसं वाटत राहिलं कोण जाणे. एका दुपारी लक्षात आलं, स्वयंपाकघरातून डबे हलवल्याचा आवाज येईनासा झालाय. आत्याबाई सरळ हात घालून हवा तो डबा काढत होत्या. पुढं एकदा ताटातल्या रव्यात त्यांचं नाव दिसलं — सुभद्रा. जोडाक्षर मोडकं होतं, पण नाव होतं. मला बघून त्यांनी ते तळव्यानं पुसलं, चोरी पकडल्यावर लहान मुलगी पुसेल तसं. मला आनंद झाला का? झाला. एखादा दिवस.

माझी यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली असते. त्या आठवड्याच्या यादीत मूग होते, साबण होता, सईचे बूट होते. आणि सगळ्यात खाली — ‘भाऊजींशी बोलणे. आत्याबाई उन्हाळ्यापासून गंगापूरला.’ भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, गंगापूरलाच असतात. दोन खोल्यांचं घर, आणि मला माझं घर परत हवं होतं. आत्याबाईंना विचारलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तरी उघड दारावर लिहिलं, कारण नवरा माझ्या याद्या कधी वाचत नाही, सईची मजल डब्यांपलीकडं गेलेली नव्हती, आणि आत्याबाईंना — आत्याबाईंना कुठं वाचता येतं? नाव काढणं वेगळं आणि वाचणं वेगळं, असं मी धरून चालले होते.

मी कामावरून आले तर त्या दारापाशी उभ्या. बोट शेवटच्या ओळीवर. “गं... गा... पूर. गंगापूरला कोन चाललंय गं?”

चेहरा फुलला होता त्यांचा. एवढा मोठा शब्द आपला आपण लागला, यातच त्या इतक्या हरखल्या होत्या की त्याचा अर्थ अजून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी म्हणाले, “कुणी नाही. डाळ आणायचीय तिकडून.” त्यांनी पुन्हा यादीकडं पाहिलं. बोटाच्या दोनच शब्द अलीकडं ‘आत्याबाई’ लिहिलेलं होतं. ते त्यांना लागलं का? मला माहीत नाही. विचारायची हिंमत तेव्हाही नव्हती, आजही नाही.

त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि सुरी घेऊन मी चौदाही चिठ्ठ्या खरवडून काढल्या. आणि — हेच ते, इथंच माझा हात थांबतो — सईच्या देखत त्यांना म्हणाले, “आत्याबाई, उद्यापासून तुम्ही खेळायला बसू नका. तुमचं चुकतं, आणि तुमचं ऐकून पोरीचंही चुकायला लागलंय.”

हे खोटं होतं. सईचं काहीच चुकत नव्हतं. आजीला शिकवता शिकवताच तिची अक्षरं पक्की झाली होती. घरात हे कुणाला ठाऊक असेल तर ते मला.

“बरं बाई,” त्या म्हणाल्या. “पोरीचं बिघडाया नको.”

सई तीन दिवस विचारत राहिली, आज्जी का खेळत नाही. चौथ्या दिवशी मी तिला रंगांची नवी पेटी दिली.

चिठ्ठ्या काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते आणि मागून आवाज आला. डबा हलवल्याचा. एक, मग दुसरा. मी वळून पाहिलं नाही. दोन महिन्यांनी त्यांना गंगापूरच्या जीपमध्ये बसवून दिलं. खिडकीशी जागा मिळाली का, एवढं मात्र बघितलं.

पाठवायचंच होतं तर हातात आलेली अक्षरं तरी घेऊन जाऊ द्यायची होती. ती मी का ठेवून घेतली? मला त्यांचा काय उपयोग होता?

मागच्या महिन्यात आम्ही गंगापूरला गेलो. पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. मी ओसरीत गेले तेव्हा आत्याबाई एकट्याच बसल्या होत्या. हातात पत्रिका, सुलट धरलेली, पहिल्या ओळीखाली बोट. ओठ हलत होते. माझी चाहूल लागली आणि त्यांनी बोट मिटून घेतलं. पत्रिका माझ्यापुढं केली.

“तूच वाच बाई,” त्या म्हणाल्या. “माझं चुकतं.”

आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, कुठंच नव्हता.

मी खाली बसले आणि वाचून दाखवली. तारीख, वेळ, ठिकाण, सगळ्यांची नावं, त्यांचं स्वतःचंही. त्या कान देऊन ऐकत होत्या, आणि मी एकदाही अडखळले नाही.