मावशींची तोंडी परीक्षा

माझ्या मुलीच्या मोडलेल्या पायात ऑपरेशन करून सळई घातली त्याला तेवीस दिवस झाले होते. तेवढे दिवस मी खिडकीजवळच्या बाकड्यावर काढले, आणि तिथूनच मावशींची ओळख झाली. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया. एकोणीस वर्षं याच मजल्यावर. चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, चालता न येणाऱ्याला चालवायचं. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. माणसं पेलून पेलून तसा झाला, असं त्या सांगायच्या. दुपारी भिंतीला पाठ लावून दोन मिनिटं डोळे मिटायच्या, तीच त्यांची झोप.

त्या आठवड्यात नोटीस लागली. हॉस्पिटलात परदेशी पेशंट वाढले होते, म्हणून वॉर्डातल्या आयांना कामापुरतं इंग्रजी यायला हवं होतं. मेट्रन दहा दिवसांनी तोंडी परीक्षा घेणार, आणि नापास होईल ती खाली लाँड्रीत जाणार. मावशींना दमा होता. मागे कधीतरी त्यांना लाँड्रीत पाठवलं होतं. तिथली वाफ त्यांनी आठवडाभर सोसली आणि आठव्या दिवशी याच मजल्यावर खाटेवर येऊन पडल्या, पेशंट म्हणून.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. दहा दिवसांत काही होईल का माझं?"

माझ्या अंगात त्राण नव्हतं. मुलगी जमिनीवर पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि आता नाही चालली तर गुडघा आखडेल, असं डॉक्टर रोज बजावत होते. मी नाहीच म्हणणार होते. पण तिला दिवसातून दोनदा उचलून बसवणाऱ्या बाईला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? मग मी सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग काढला. म्हटलं, सगळं इंग्रजी राहू दे, एकच क्रियापद धरू. टेक. टेक म्हणजे घेणे.

"एकाच पातेल्यात सगळा स्वयंपाक? चालेल."

"'टेक अ सीट' म्हणजे बसा."

"बसायला सांगायचं तर घ्या कशाला? खुर्ची काय घरी न्यायचीय?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण टेका म्हटलं की आपलाही माणूस बसतोच."

खाटेवरून मुलगी खुदकन हसली. तेवीस दिवसांत पहिल्यांदा.

मी समजावलं, आपणही झोप घेतो, शपथ घेतो, एखादी गोष्ट मनावर घेतो. त्यातलं हातात काय येतं?

"मनावर घेतलेलं छातीत येतं, ताई," असं म्हणून त्यांनी खिशातला दम्याचा पंप ओढला.

वहीत लिहून दिलेलं त्यांच्या डोक्यात राहीना. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. एकेक वाक्य एकेका खाटेला वाटून टाकलं. एक नंबरला गोळ्या देताना 'टेक युवर मेडिसिन'. दोन नंबरच्या आजोबांना धाप लागली की पाठीवर हात फिरवत 'टेक अ डीप ब्रेथ'. तीन नंबरच्या बाईंना संडासातून यायला अर्धा तास लागायचा, त्यांना दाराबाहेरून 'टेक युवर टाइम'. आमच्या वॉर्डातले सगळे पेशंट आपलेच, पण तेही मजेने माना डोलवायचे. परीक्षेच्या दिवसापर्यंत मावशी न अडखळता बोलायला लागल्या, आणि मी निर्धास्त झाले. तिथेच चुकलं.

परीक्षा झाली मेट्रनच्या ऑफिसात. टेबल, दोन खुर्च्या, पंखा. पेशंट घाबरला तर काय म्हणाल, असं मेट्रनने विचारलं आणि मावशी मुक्या झाल्या. पुढच्या प्रश्नालाही तेच.

"हात रिकामे होते ना," परत आल्यावर त्या म्हणाल्या. चेहरा पार उतरला होता. "हातात माणूस नसलं की तोंडातून काही निघतच नाही. शेवटी म्हटलं, मॅडम, वॉर्डात या आणि खाटेपाशी विचारा. पाच वाजता येतायत. पाच मिनिटं दिलीत."

पाचला मेट्रन आल्या. त्या वेळी चालवायचा पेशंट एकच होता, माझी मुलगी.

"मी नाही उठणार," ती म्हणाली.

"टेक माय हँड," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मेट्रनकडे पाहिलं, आणि रागारागाने हात दिला.

"टेक अ डीप ब्रेथ. टेक वन स्टेप. टेक युवर टाइम."

एक पाऊल पडलं. दुसऱ्या पावलाला गुडघा लचकला.

"अगं धर मला! घट्ट धर, सोडलंस तर बघ!" मावशी ओरडल्या. इंग्रजी गेलं उडत. मी बाकड्यावरून उठले तशी मेट्रनने मला हातानेच बसवलं. मुलगी मावशींच्या त्या खाली झुकलेल्या खांद्यावर सगळा भार टाकून थरथरत उभी होती. मग तिने तिसरं पाऊल टाकलं. चौथंही.

मावशींना परीक्षा आठवली. धापा टाकत त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात घाबरलेली मीच दिसले असणार.

"टेक इट ईझी, ताई," त्या म्हणाल्या.

मेट्रनला हसू आवरेना. कागदावर लिहून तो त्यांनी मावशींच्या हातात दिला: वॉर्डातच ठेवावे. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा.

मेट्रन गेल्यावर मावशींनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "पुन्हा?" त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा तुम्ही इथे नसाल."

"नसलो तर बरंच की, मावशी."

"हो, तेही आहेच." त्यांनी मुलीच्या पायाखाली उशी सरकवली. "मग आत्ताच दुसरा शब्द सांगून ठेवता का? 'गेट' म्हणून आहे म्हणे, टेकपेक्षाही मोठा."

"आज नको, मावशी. खरंच नको."

"मलाही नकोच होतं," म्हणत त्या चार नंबरची चादर बदलायला गेल्या.