भगतबाबांची मिरची

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या, मंत्राने सापाचे विष उतरवणाऱ्या भगतबाबांचा. त्यांना अक्षर येत नव्हते आणि मी आमच्या घरातला पहिला बी.ए., तरीही.

लढाईचे दिवस होते. परीक्षा पास होऊन मी पुण्याहून घरी आलो होतो. नंदुरबारहून आमचे गाव बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. एका दुपारी बैलांसाठी कडबा काढायला गेलो. आधी गंजीवर काठी आपटायची, मग हात घालायचा, हे चार वर्षांत विसरलो होतो. पेंढी ओढली आणि मनगटाला काहीतरी डसले. शेपटी तेवढी दिसली. धामण की नाग, कोणालाच सांगता येईना.

आमच्याकडे याचा निकाल मिरचीने लागे. डसलेल्या माणसाला वाळकी लाल मिरची चावायला द्यायची. तिखट लागली तर विष नाही, नाही लागली तर चढले. वडिलांनी भगतबाबांना बोलावून आणले. त्यांनी मिरची दिली, मी चावली आणि उभ्या अंगणात थयथय नाचलो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"माय वं, बी.ए. पोऱ्या रडस!" शेजारची काकू म्हणाली. सारे अंगण हसले. आईने हसत-रडत माझ्या तोंडात गूळ घातला. वडील सगळ्यांना चहाला बसवू लागले.

भगतबाबा मात्र हसले नाहीत. माझा चेहरा निरखत त्यांनी विचारले, "पुणामा जेवाले काय खास रे तू?"

"खानावळीतली आमटी. गूळ घातलेली असते, बाबा."

"आयका!" ते वडिलांकडे वळले. "यानी जीभ पुणानी व्हई गई. याले मीठबी तिखट लागी. गाडी जुपा, दवाखानामा चाला."

"पण मिरची तर लागली ना?" आई म्हणाली.

बाबा आवाज उतरवून म्हणाले, "गेल्या पावसाळामा एक जणले मिरची तिखट लागनी व्हती. मी त्याले घर धाडी दिन्हं." तो माणूस दुसऱ्या सकाळी गेल्याचे सगळ्यांना माहीत होते. काकूने हातातला पेला खाली ठेवला.

"आणि मंतर?" वडिलांनी विचारले.

"मंतर मी गाडीमा म्हनसू. बैल त्याकरता थांबतंस का?"

गाडीत ते खरोखरच मंत्र म्हणत राहिले. मध्येच मला दटावत, "डोया उघडा ठेव, बी.ए.!" पण पापण्या उचलेनात. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्या पापण्या पाहिल्या आणि लगेच लस टोचली. नागच होता. अजून उशीर झाला असता तर लसही काही करू शकली नसती, असे ते म्हणाले. आठवड्याभराने मी घरी परतलो. दारात बाबा उभे. म्हणाले, "वाची गया रे पोऱ्या! आते गंजीवर काठी आपट."

पुढे मला हायस्कुलात नोकरी लागली. पहिल्याच रविवारी मी त्यांना पत्र लिहिले. ते असे:

"बाबा, हे पत्र शाळेचे मास्तर वाचून दाखवतील. पुरे होईपर्यंत त्यांना मध्ये अडवू नका.

मी खुशाल आहे. वर्गात मुलांना सर्पदंशाचा धडा शिकवताना मनगट दाखवले, मग मुलांनी फार लक्ष देऊन ऐकले.

एक मागणे आहे. मी वाचलो तो तुम्ही मिरचीचे ऐकले नाही म्हणून. आता कोणाचेच मिरचीवरून ठरवू नका. ज्याला डसेल त्याला तसाच दवाखान्यात न्या, तिखट लागो की न लागो. मी गावात हे सांगितले तर काकू म्हणेल, शिकून शहाणा झाला. तुम्ही सांगितले तर सारे ऐकतील. मंत्र सोडा असे मी म्हणत नाही. वाटेत तुमचा आवाज कानावर होता, म्हणून मला धीर होता. फक्त गाडी आधी जुंपा.

सुट्टीत येतो. रोज भाकरीबरोबर एक मिरची खाण्याचा सराव चालू आहे. अजून डोळ्यांत पाणी येते."